सगळ्या गाड्यांना चालणारं मशीन

गाडी दुकानापुढे थांबली की तो बॉनेट उघडत नसे, लॅपटॉप उघडत असे. गाडीवाला बिचारा सवयीने बॉनेटची कडी ओढून, हात पुसत उभा राहायचा आणि हा त्याच्याकडे दयेने पाहायचा. "बंद करा भाऊ ते. तो जमाना गेला." मग ड्रायव्हरच्या सीटवर आडवा होऊन स्टिअरिंगखाली हात घालायचा, तिथल्या सॉकेटमध्ये आपली वायर खोचायचा, लॅपटॉपवर गाड्यांची लांबलचक यादी उघडायचा आणि एका बोटाने ती वर वर सरकवत न्यायचा. हवं ते नाव सापडलं की त्यावर टिचकी मारून पडदा गाडीवाल्याकडे वळवायचा.

"हे पाहा. लिस्टमंदी हाय. मंग काऊन नाई होनार?"

असे लोक तुम्हीही पाहिले असतील. प्रत्येक तालुक्याच्या गावाला असा एक मिळालेला असतो. आमच्या सिंदेवाहीला मिळालेला नेमका माझ्या शेजारच्या गाळ्यात होता, एवढंच माझं दुर्दैव. माझं गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान. आमच्या दोघांमध्ये एक पत्र्याची भिंत होती आणि तिच्यातून त्याचं बोलणं दिवसभर माझ्या कानावर यायचं.

त्याचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. कमी बोलायचे, काम चोख करायचे, आणि पंप होण्यासारखा नसेल तर तसं तोंडावर सांगायचे. ते गेले आणि मुलाने गाळ्यातले पंप काढून टाकले. नागपूरला जाऊन काहीतरी शिकून आला. किती दिवस शिकला हे त्याने कधी सांगितलं नाही, आणि काय शिकला हे मला कधी दिसलं नाही. येताना एक काळं मशीन, वायरींची पिशवी आणि एक बॅनर घेऊन आला. बॅनरवर लिहिलं होतं, 'सर्व गाड्यांचे कॉम्प्युटर प्रोग्रामिंग'. त्यातला 'सर्व' हा शब्द लाल रंगात होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्लीच्या गाडीत पत्र्याची एक पेटी असते. इंजिनला डिझेल केव्हा द्यायचं, किती द्यायचं, हे ती ठरवते. तिला ईसीयू म्हणतात. त्या पेटीत जे लिहिलेलं असतं ते वाचणारी आणि बदलणारी मशीनं बाजारात मिळतात, आणि कोणतं मशीन कोणत्या गाडीला चालतं याची यादी मशीनसोबत येते. एवढीच ती विद्या. पण हा सांगताना असा सांगायचा की ऐकणाऱ्याने टोपी काढावी. "हा गाडीचा मेंदू, भाऊ. अन् मी मेंदूचा डाक्टर." लोकही त्याला 'इंजिनीअर साहेब' म्हणू लागले. आमच्याकडे लॅपटॉप उघडून बसलेल्या कोणालाही इंजिनीअर म्हणतात. मी त्याला 'उस्ताद' म्हणायचो. त्यातली खोच त्याला कधी कळली नाही, किंवा कळूनही त्याने ती घेतली नाही.

माझ्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाइकाने गाडीचं नाव सांगितलं म्हणून मी पार्ट देत नाही. जुना काढून आण, दाखव, त्याच्याशी जुळवून नवा देतो. कारण नावाला काही अर्थ नसतो. एकाच नावाच्या दोन जीप शेजारी उभ्या करा, एकीचा ब्रेकचा पार्ट दुसरीला बसणार नाही. कंपनी वर्षाच्या मध्येच काहीतरी बदलते आणि कोणाला सांगत नाही. हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. पेटीचंही तसंच असतं, पेटीवर नंबर असतो, नावावर जाऊ नको, नंबर पाहा.

तो हसायचा. "भाऊ, तुमी अजून जुना पाहून नवा देता. माह्या मशीनले नाव सांगितलं का झालं. नंबर पाहाले पेटी खोलावं लागते. कोन खोलते?"

त्या यादीचा त्याला कोण अभिमान. दुपारी काम नसलं की चहाच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि परदेशी गाड्यांची नावं मोठ्याने वाचायचा. त्या गाड्या सिंदेवाहीच काय, चंद्रपूरनेही पाहिलेल्या नाहीत. "हे गाडी आली तरी मी करू शकतो," तो म्हणायचा. ती गाडी इकडे कशाला येईल? धानाच्या बांधीत रुतायला? पण टपरीवरची माणसं माना डोलवायची. फुकटची करमणूक कोणाला नको असते?

आता त्याच्या कर्तबगारीचे नमुने ऐका.

एका राइस मिलवाल्याची नवीकोरी मोटार त्याने हातात घेतली. तक्रार काय होती ते आता आठवत नाही, ती गेलीही नाही. पण मशीन लावून झाल्यावर स्टिअरिंगमागच्या पडद्यावरची सगळी अक्षरं बदलली. कोणत्या देशाची लिपी होती देव जाणे, एक अक्षर कोणाच्या बापाला वाचता येईना. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. हा म्हणाला, "नवीन व्हर्जन हाय शेठ. फारेनचं." आणि मिलवाल्याचा चेहरा खुलला. पाहुण्यांना गाडीत बसवून तो ती अक्षरं दाखवायचा. एक दिवस पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी आलं आणि राहिलंच. मिलवाल्याने त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवला. इंजिनातलं तेल संपत आलं आहे, एवढंच ती अक्षरं सांगत होती. ते इंजिन बसलं तेव्हा कळलं.

चिमूरचा एक ठेकेदार टिप्परची ताकद वाढवून मागत आला. हा कशाला नाही म्हणेल? यादीत नाव होतं. ताकद वाढली. चढावर टिप्पर अशी पळायची की ठेकेदार खूश, आणि मागे असा काळा धूर की बाजारातल्या बायका पदर नाकाला लावून शिव्या घालायच्या. पुढे इंजिनने दम तोडला. ठेकेदार भांडायला आला तेव्हा मी पत्र्याच्या भिंतीला कान लावून होतो. हा शांतपणे म्हणाला, "पावर तं मी देल्ली. आता इंजिनच कमजोर निघालं, त्याले मी का करू?" ठेकेदार टिप्पर ओढून घेऊन गेला. तसल्या उत्तराला उत्तर नसतंच.

आणि त्याची स्वतःची जीप. हा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं, कारण ती माझी पाहून घेतलेली होती. मी जीप घेतली, त्याने पंधरा दिवस तिच्याभोवती चकरा मारल्या, दारं उघडून पाहिली, सीटवर बसून पाहिलं, आणि त्याच दुकानातून तीच जीप घेऊन आला. रंगसुद्धा तोच. मी म्हटलं, "अरे, निदान रंग तरी दुसरा घ्याचा." तर म्हणे, "तुमी पाहून घेतली मनजे चांगलीच असन न भाऊ." मग दर शुक्रवारी नमाजला जायच्या आधी तो ती धुवायचा. चाकांच्या आतली माती जुन्या टूथब्रशने काढायचा. गिऱ्हाइकाची गाडी उघडी पडलेली आणि हा आपल्या जीपला आंघोळ घालत बसलेला. दुकानदारी अशी करतात का?

माझ्या जीपला मात्र दुसरं काम होतं. माझं गाव जंगलाला लागून आहे. रोज सकाळी दुकान उघडायला यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. मध्ये एका वर्षी आमच्या बाजूला मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाघाने नेली आणि गावातल्या बापांनी ठरवलं की आता मोठ्या पोरींनी सायकलने शाळेत जायचं नाही. ठरवणाऱ्यांत माझा मोठा भाऊ पुढे होता. त्याची पल्लवी तेव्हा अकरावीत. पोरगी हुशार, नर्सिंगला जायचं म्हणायची. मी म्हटलं, मी रोज जातोच आहे, पोरी माझ्या जीपमध्ये येतील. भाऊ कबूल झाला, पण सगळ्यांसमोर बोलून घेतलं, "गाडी हाय तोवर शाळा. गाडी नाई तं शाळा नाई."

शाळा सुटली की पोरी माझं दुकान बंद होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायच्या. हा त्यांना फुटाणे द्यायचा आणि मशीनच्या गप्पा मारायचा. पोरी त्याला भैया म्हणायच्या. तिथेही यादी आलीच. एकदा पल्लवीने विचारलं, "भैया, हे लिस्ट कोन बनवली?"

"मशीनच्या कंपनीनं."

"म्हंजे मशीनवाल्यानंच लिहून ठेवलं का आपली मशीन साऱ्या गाड्याले चालते?"

तो मोठ्याने हसला. "हे पोरगी वकील होते," मला म्हणाला. मला जे इतक्या वर्षांत नेमकं बोलता आलं नव्हतं ते तिने एका वाक्यात बोलून टाकलं होतं, आणि हा फुटाणे चघळत हसत होता.

पल्लवी बारावीत होती. धान कापून झालं होतं आणि आमच्या आवारात पुंजने लागले होते, म्हणजे कापलेल्या धानाचे उंच ढीग. त्यांच्याच कडेला माझी जीप उभी असायची. एका शनिवारी सकाळी निघालो तर समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि जीपचा जीव गेला. चालायची, पण ओढायची नाही. बैलगाडीच्या चालीने सिंदेवाहीला पोचलो, पोरींचा पहिला तास बुडाला. मी ठरवलं, रविवारी चंद्रपूरला नेऊन दाखवू.

हा दारातच उभा होता. "चंद्रपूरले काऊन जाता भाऊ? आपली मशीन कोनासाठी हाय?"

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, निदान वाचून तर पाहतो, बिघाड काय ते कळेल. वाचायला माझी हरकत नव्हती. "फक्त वाच. लिहू नको," असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तेवढ्यात सावली गावचं गिऱ्हाईक आलं आणि मी आत गेलो. बेअरिंग जुळवून, बांधून देऊन बाहेर येतो तर हा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला आणि चेहरा समाधानी.

"ताजी फाईल टाकून राह्यलो भाऊ. जुनी खराब झाली होती."

"तुले लिहाले कोन सांगितलं?"

"लिस्टमंदी हाय न."

पडद्यावर एक निळी पट्टी पुढे सरकत होती. ती निम्म्याच्या थोडी पुढे गेली आणि थांबली. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत राहिलो. त्याने लॅपटॉपवर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग चावी फिरवली. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. सकाळी निदान पिवळा दिवा तरी होता.

"उठते भाऊ. थोडा टाईम घेते," तो म्हणाला.

ती उठली नाही. त्याने मशीन विकणाऱ्याला दिल्लीला फोन लावला. तिकडच्या माणसाने गाडीचं नाव ऐकलं, वर्ष ऐकलं आणि विचारलं, पेटीवरचा नंबर काय? तो याला माहीत नव्हता. काढून वाचला. तो नंबर त्या फाईलचा नव्हता. नाव तेच, पेटी वेगळी. मग दिल्लीवाल्याने विचारलं, लिहायच्या आधी जुनं वाचून ठेवलं होतं ना? या धंद्यातला पोरसवदा माणूसही आधी जुनं उतरवून ठेवतो, म्हणजे बिघडलं तर परत घालता येतं. याने ठेवलं नव्हतं. का नाही, तर त्याला वेळ लागतो. "वाचत बसलो तं गिऱ्हाईक पयून जाते," हे त्याचं शास्त्र.

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्धा बाजार जमला होता. तो मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिला. आणि ते चालू असतानाच पोरी शाळेतून आल्या.

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि सरळ त्याला विचारलं, "भैया, सोमवारी राहीन न गाडी?"

तिला सगळं कळलं होतं. घरी काय होणार हेही कळलं होतं. त्याने डोळे वर केले आणि तेच म्हणाला जे तो सगळ्यांना म्हणायचा. "राहीन. लिस्टमंदी हाय." त्या वेळी मला वाटलं, या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा.

राइस मिलच्या टेम्पोतून आम्ही घरी गेलो. भाऊ अंगणात खाटेवर बसला होता, बाकीचे बापही जमले. भाऊ ओरडला नाही. "आपलं बोलनं झालं होतं," एवढंच म्हणाला. "सोमवारपासून पोरी घरीच." माझा भाऊ वाईट माणूस नाही, पण एकदा 'घरीच' म्हणाला की ते वाढत जातं. सावलीकडचं एक स्थळ त्याच्या कानावर आलेलंच होतं. आता परीक्षेपर्यंत कोण थांबणार? मी चंद्रपूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. ते म्हणाले, पेटी मागवावी लागेल. केव्हा येईल? सांगता येत नाही. पल्लवी आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

रविवारी दुपारी मी भावाची मोटारसायकल घेऊन सिंदेवाहीला गेलो. दुकानं बंद होती. माझ्या जीपसमोर त्याची जीप उभी होती, तोंडाला तोंड लावून. आणि त्याच्या जीपच्या दारातून त्याचे दोन पाय बाहेर आलेले होते.

खाली पोतं अंथरलेलं होतं. पोत्यावर दोन पेट्या शेजारीशेजारी ठेवलेल्या. तो बाहेर आला, घामाने निथळत, आणि पोत्यापुढे उकिडवा बसला. एका पेटीच्या नंबरावर बोट ठेवलं, मग दुसरीच्या. एकेक अक्षर घेऊन तो जुळवत होता. मी माझ्या काउंटरवर जसं करतो अगदी तसं.

"सेम हाय भाऊ," तो म्हणाला. "नंबर सेम हाय. तुमची पाहूनच घेतली होती न."

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. तो आपल्या जीपची पेटी माझ्या जीपला लावत होता.

मला एक शंका आली. "थांब. तुह्या पेटीत तू का का भरून ठेवलं? पावर वाढवली असशील, फारेनची अक्षरं टाकली असशील."

"काही नाई भाऊ."

"काही नाई मनजे?"

तो माझ्याकडे न पाहता बोलला. "माह्या गाडीले मी मशीन कधी लावलीच नाई."

"काऊन?"

"चांगली चालते न भाऊ. चांगल्या गाडीले काऊन हात लावाचा?"

मी पोत्याच्या कडेला बसलो आणि हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. सगळ्या तालुक्याच्या गाड्यांचे मेंदू उघडून बसलेला हा डॉक्टर, मिलवाल्याचं इंजिन, ठेकेदाराची टिप्पर, माझी जीप, सगळ्यांना मशीन लावलं आणि स्वतःच्या गाडीला बोट लावू दिलं नाही. टूथब्रश तेवढा लावला. तो हसला नाही. तो पेटी उचलून माझ्या जीपमध्ये शिरला.

नुसती पेटी लावून भागत नाही. पेटी आपली चावी ओळखते, चावीच्या मुठीत बारीकशी चिप असते. दुसरी चावी लावली तर इंजिन उठत नाही. म्हणून त्याने आपली चावी काढली, आणि ती चावी ज्यात फिरते ते कुलूपही आपल्या स्टिअरिंगखालून उपटून माझ्या जीपला बसवलं. बघता बघता त्याच्या धुतलेल्या, पुसलेल्या जीपच्या पोटातून वायरी लोंबू लागल्या. मग त्याने मला ती चावी दिली. दारांना मात्र माझीच जुनी चावी राहिली. अर्ध्या फेऱ्यातच इंजिन उठलं.

पण पिवळा दिवा गेला नाही. आणि जीप ओढेनाही.

सवयीने त्याचा हात लॅपटॉपकडे गेला. "त्याले हात लावशील तं पाहाजो," मी म्हटलं. त्याने हात मागे घेतला. मग तो पुढे गेला, बॉनेटची कडी शोधायला त्याला थोडा वेळ लागला, आणि त्याने बॉनेट उघडलं. आत तणशीचं, धानाच्या वाळक्या काड्यांचं घरटं होतं. त्याच्याखाली एका सेन्सरची वायर कुरतडून तुटलेली. पुंजन्यातला उंदीर रात्री गरम इंजिनावर राहायला येत होता. एवढंच झालं होतं. शनिवारी सकाळी कोणी बॉनेट उघडलं असतं तर चहा थंड व्हायच्या आत काम संपलं असतं.

तुटलेली दोन टोकं त्याने एकमेकांना लावून पाहिली.

"उंदीर," तो म्हणाला.

"तो लिस्टमंदी नाई वाटते," मी म्हटलं. मला संधी सोडवत नाही.

त्याने टोकं सोलली, पिळली, वर टेप गुंडाळली. दिवा गेला. जीप पहिल्यासारखी ओढू लागली. त्याने हात पोत्याला पुसले आणि म्हणाला, "उद्या आना पोरीले. तिले सांगजा, गाडी आली मनून."

"अन् तुही?"

"माहीचं पाहून घेऊ. पेटी काय, मागवली का येते. माही गाडी कोनाची वाट पाहून राह्यली?"

त्या वेळी मला जे वाटलं तो राग नव्हता, हे एकदा लिहून टाकतो. पुन्हा लिहिणार नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून राग परत आला आणि तो अजून गेलेला नाही.

सोमवारी पोरी शाळेत गेल्या. भाऊ दारात उभा राहून जीपकडे पाहत होता, पण बोलणं झालेलं होतं आणि गाडी होती. पल्लवी पुढच्या सीटवर बसली. सिंदेवाहीला उतरल्यावर तिने त्याच्या पेटी काढलेल्या जीपकडे पाहिलं, त्याच्या वायरी पाहिल्या, आणि शाळेत गेली. संध्याकाळी बाकावर बसल्यावर त्याने फुटाणे दिले तेव्हा तिने घेतले. यादीबद्दल तिने त्याला पुन्हा काही विचारलं नाही.

झाला प्रकार मी गावभर सांगितला. सांगायलाच पाहिजे होतं. लोकांच्या गाड्या म्हणजे खेळणी नाहीत. त्याच्याकडे येणं कमी झालं. पूर्वी तो आपली जीप घेऊन मूल गावापर्यंत, गडचिरोलीपर्यंत कामाला जायचा, आता ती जाग्यावर खिळलेली. तरी दर शुक्रवारी तो ती धुवायचा. न हललेल्या गाडीच्या चाकांना कसली माती लागते? तो तरीही ब्रश फिरवायचा. पेटी मागवली का, असं मी विचारलं की म्हणायचा, "मागवतो भाऊ, टेंशन काऊन घेता?" शेवटी मीच मागवली. ती यायच्या आधीच तो गेला. त्याच्या मेव्हण्याचं मंचेरियालला सीट कव्हरचं दुकान आहे. गाळा रिकामा करून, बॅनर गुंडाळून, मशीन पिशवीत घालून तो बसने निघाला. जाताना मला म्हणाला, "गाडीवर लक्ष ठेवजा. मी येतो न मशीन घेऊन, चालू करून नेतो."

आता तो तेलंगणात लोकांना यादी दाखवत असेल. तिथेही टपरी असेलच. कधी फोन करतो. "कशी चालून राह्यली?" असं विचारतो. माझ्या तब्येतीबद्दल विचारत नाही.

पल्लवी चंद्रपूरला नर्सिंग शिकते. पोरी आता दुसऱ्या आहेत, बाक तोच आहे. नवी पेटी माझ्या दुकानात खोक्यात पडून आहे. तिला गाडीशी आणि चावीशी जुळवून द्यायला मशीन लागतं आणि सिंदेवाहीत ते आता कोणाकडे नाही. त्याची जीप रिकाम्या गाळ्यापुढे उभी आहे. मागच्या चाकांची हवा गेली आहे. शुक्रवारी दुकानातलं पोतेरं ओलं असलं तर मी काचेवरून फिरवतो. धूळ माझ्या दुकानात उडते म्हणून.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी एक भंगारवाला आला. जीपला चक्कर मारली, दारातून आत डोकावला, स्टिअरिंगखालचं भोक पाहिलं.

"भाऊ, द्याची हाय का गाडी?"

"नाई. मालक येनार हाय."

"चालू तं होत नाई दिसत हे. पेटी नाई, चावी नाई."

"होते," मी म्हटलं. "लिस्टमंदी हाय."

त्याने पुन्हा एकदा आत डोकावून पाहिलं. पोरी माझ्या जीपपाशी उभ्या राहून माझी वाट पाहत होत्या. मी दुकानाचं शटर ओढलं, माझ्या चावीने माझ्या जीपचं दार उघडलं आणि आत बसून त्याची चावी फिरवली.